शिल्लक मालाची मोजणी : दुकानाला मानवेल ती पद्धत

मार्चअखेरीस अमरावतीच्या जवाहर रोडवर किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर रात्री उशिरा चक्कर मारली, तर अर्धे शटर ओढलेली आणि आत सगळे दिवे लागलेली दुकाने दिसतात. मालक गल्ल्यावर कागद घेऊन बसलेले असतात, एक नोकर शिडीवर चढून आकडे ओरडत असतो, दुसरा ते लिहून घेत असतो. वर्षातून एकदा होणारी ही मालमोजणी बहुतेक दुकानदारांना परीक्षेसारखी वाटते. ती कशीबशी पार पाडायची, कर सल्लागाराकडे एक आकडा पोहोचवायचा आणि पुढच्या मार्चपर्यंत विसरून जायचे, असाच सर्वसाधारण शिरस्ता आहे.

या एका आकड्यावर काय काय अवलंबून असते, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते. आरंभीचा साठा अधिक वर्षभराची खरेदी वजा अखेरचा साठा म्हणजे विकलेल्या मालाची किंमत, हे समीकरण वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. अखेरचा साठा एक लाख रुपयांनी जास्त धरला गेला, तर विकलेल्या मालाची किंमत तेवढीच कमी दिसते आणि नफा एक लाखाने फुगतो. दुकानात नसलेल्या मालावर दुकानदार कर भरतो. साठा कमी धरला तर उलटे होते. पण ती चूक पुढच्या वर्षी आरंभीच्या साठ्याच्या रूपाने परत येते आणि तपासणीत उघडी पडली तर तिला लपवाछपवी म्हटले जाते. कॅश क्रेडिट घेतलेल्या दुकानाला बँकेला ठरलेल्या मुदतीने साठ्याचे विवरणपत्र द्यावे लागते व त्यावरच उचल करण्याची मर्यादा ठरते. विम्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. समजा, दुकानात खरोखर ४० लाखांचा माल आहे आणि विमा ३० लाखांचाच उतरवला आहे. आगीत ८ लाखांचे नुकसान झाले तर सरासरीच्या कलमानुसार भरपाई ६ लाखांचीच मिळते. लहान व्यावसायिकांसाठी एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. वरच्या उदाहरणातील २५ टक्के तूट त्यात बसत नाही. आपल्याकडे नेमका किती माल आहे हे माहीत नसलेला दुकानदार विम्याची रक्कम अंदाजाने ठरवतो आणि तो अंदाज खोटा होता, हे त्याला आगीनंतर कळते.

तारीख कराची, हंगाम आपला

पूर्वी व्यापाऱ्यांची वर्षे निरनिराळी असत. कोणी दिवाळीला वह्या बदलत, कोणी गुढीपाडव्याला, तर कोणी रामनवमीला. आयकर कायद्यातील दुरुस्तीने ३१ मार्च १९८९ रोजी संपणाऱ्या वर्षापासून सर्वांसाठी एकच आर्थिक वर्ष आले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वह्यांची पूजा आजही होते, पण हिशेब मात्र मार्चचा. कर आकारणीच्या दृष्टीने ही सोय झाली. मोजणीच्या दृष्टीने ती सर्वांना सारखी मानवलेली नाही.

वऱ्हाडातील कापड दुकानाचेच पाहा. होळी आटोपली की लग्नसराईची भरणी सुरू होते. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या बाजूला नागपूर मार्गावर उभ्या राहिलेल्या बिझीलँड, सिटीलँडसारख्या घाऊक कापड संकुलांतून, तसेच सुरत-मुंबईहून माल येऊन पडलेला असतो. म्हणजे ३१ मार्चला कापड दुकान वर्षातले सर्वाधिक भरलेले असते. गठ्ठे फोडायचे असतात, ग्राहक दारात असतात आणि नेमक्या त्याच रात्री सगळे मोजायचे असते. याउलट कृषी सेवा केंद्रांची गोदामे त्या दिवशी बऱ्याच अंशी रिकामी असतात. रब्बी आटोपलेली असते आणि कपाशी-सोयाबीनचे बियाणे अजून यायचे असते. वह्या-पुस्तकांच्या दुकानांचा हंगाम आणखी पुढे सरकतो, कारण उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात.

मोजणी माल कमीत कमी असताना करावी, हा या विषयातील जुना आणि बिनखर्चाचा नियम आहे. मग मार्चअखेरच्या आकड्याचे काय? तो मागे-पुढे नेता येतो. समजा, एका प्रकारच्या साड्या ६ एप्रिलला मोजल्या, त्या १३५ भरल्या. १ ते ६ एप्रिल या काळात ४० साड्या आल्या आणि २५ विकल्या गेल्या असतील, तर ३१ मार्चचा साठा १३५ वजा ४० अधिक २५, म्हणजे १२० होतो. परत आलेला माल आणि पुरवठादाराला परत पाठवलेला माल यांचाही असाच विचार करावा लागतो. अट एकच, की मधल्या दिवसांची खरेदी-विक्रीची नोंद चोख हवी. ती नसेल तर ३१ मार्चची रात्र टळत नाही.

चार पद्धती आणि त्यांची जात

ढोबळमानाने चार मार्ग उपलब्ध आहेत. पहिला वार्षिक संपूर्ण मोजणीचा, ज्याचा उल्लेख वर आलाच. दुसरा, सतत चालू राहणाऱ्या नोंदीचा : प्रत्येक खरेदी वाढवायची, प्रत्येक विक्री घटवायची, म्हणजे कोणत्याही क्षणी पुस्तकी शिल्लक हाती असते. पूर्वी मोठ्या पेढ्यांवर हे काम स्टॉक वहीत होई. आता टॅलीसारख्या संगणक प्रणाली आणि बारकोड यंत्रे ते करतात. तिसरा फिरत्या मोजणीचा. त्यात दुकान बंद न करता रोज थोडा थोडा माल मोजला जातो. चौथा अंदाजाचा, म्हणजे विक्रीतून नेहमीचा नफा वजा करून माल किती उरला असेल ते काढणे. हा चौथा मार्ग आगीनंतर किंवा चोरीनंतर दुसरे काहीच हाती नसताना उपयोगी पडतो, एरवी त्यावर विसंबणे धोक्याचे. दुकानातून माल गळत असेल तर ही पद्धत ती गळती दाखवतच नाही. ती मुळात गळती नाहीच असे गृहीत धरते.

संगणकाविषयी एक मोठा गैरसमज आहे. बिलिंगचे यंत्र बसवले की मोजणीची गरज संपली, असे अनेकांना वाटते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड प्रथम वाचला गेला. त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली आणि ८९० ने सुरू होणारे आकडे आपल्या किराणा दुकानांतील पुड्यांवरही दिसतात. (८९० हा जीएस१ इंडिया या संस्थेकडे झालेल्या नोंदणीचा क्रमांक आहे, तो असला म्हणजे माल भारतातच बनला असे नव्हे.) पण यंत्र सांगते ते दुकानात असायला हवे होते ते. असते किती, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून कळत नाही. घाईच्या वेळी नोकर एकाच किमतीचे सात शर्ट घेतो, एकाचा बारकोड सात वेळा मारतो. रक्कम बरोबर, गल्ला बरोबर. पण पुस्तकात ४० मापाचे शर्ट संपले आणि ४२ मापाचे आहेत असे दिसते, कपाटात नेमके उलटे. एकूण किमतीत फरक शून्य, आणि ग्राहक मात्र 'माल नाही' ऐकून परत जातो. म्हणून तफावत पाहताना अधिक-उण्याची बेरीज करून समाधान मानू नये. शंभर वस्तू मोजल्या तर किती वस्तूंचा आकडा तंतोतंत जुळला, हे पाहावे.

सतत नोंद आणि तिच्या जोडीला फिरती मोजणी ही जोडी मध्यम आकाराच्या दुकानास सर्वांत मानवते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वार्षिक मोजणी तूट किती ते सांगते. ती केव्हा आणि कशी पडली हे सांगत नाही. बारा महिन्यांनंतर कोणालाच काही आठवत नाही. फिरत्या मोजणीत ती आठवड्या-दोन आठवड्यांत सापडते आणि त्या वेळी बिल, नोकर, पुरवठादाराचे चलन सगळेच समोर असते.

एवढे मोजायला माणूस कुठून आणायचा, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. हिशेब करून पाहू. समजा, दुकानात २४०० प्रकारच्या वस्तू आहेत. त्यांपैकी किमती व जास्त खपाच्या २४० वस्तू 'अ' वर्गात, मधल्या ७२० 'ब' वर्गात आणि उरलेल्या १४४० 'क' वर्गात टाकल्या. 'अ' दर महिन्याला, 'ब' तीन महिन्यांनी आणि 'क' वर्षातून एकदा मोजायचे ठरवले, तर वर्षाच्या मोजण्या अनुक्रमे २८८०, २८८० आणि १४४०, एकूण ७२०० होतात. कामाचे ३०० दिवस धरले तर रोज २४ वस्तू. सकाळी दुकान उघडल्यावर, पहिले ग्राहक येण्यापूर्वी, दोन माणसांचे हे फार तर तासाभराचे काम आहे. वर्ग ठरवताना किंमत एवढाच निकष मात्र लावू नये. खिशात सहज जाणाऱ्या, मोडणाऱ्या, मुदत संपणाऱ्या वस्तू स्वस्त असल्या तरी 'अ' मध्ये घालाव्यात.

माल तसे माप

पद्धत कोणतीही निवडा, ती मालाच्या स्वभावाशी जुळली पाहिजे. सराफाच्या पेढीवर रोज रात्री दागिने नग आणि वजन अशा दोन्ही मापांनी ताडून तिजोरीत ठेवण्याची रीत जुनी आहे. फिरत्या मोजणीचे हे सर्वांत कडक रूप. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सक्तीचा झाल्याने आता प्रत्येक नगाला स्वतःची ओळखही मिळाली आहे. औषध दुकानात नुसती संख्या मोजून काही साधत नाही; बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख सोबत पाहावी लागते, मुदत संपलेला माल वेगळा ठेवावा लागतो आणि एच-१ परिशिष्टातील औषधांची स्वतंत्र नोंदवही मार्च २०१४ पासून बंधनकारक आहे.

खरी कसोटी लागते ती किराणा आणि कापडात. अकोला हे डाळ मिलांचे गाव. येथील किराणा बाजारात तूर आणि हरभऱ्याची डाळ कट्ट्यांनी विकली जाते, तर पेठेतल्या दुकानात ती पाव-अर्धा किलोने सुटी जाते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की धान्यातला ओलावा उडतो आणि वजन उतरते. पावसाळ्यात तेच धान्य दमट हवेने जड होते. गुळाला पाझर फुटतो. शिवाय प्रत्येक वेळी तराजूत दोन दाणे अधिक पडतातच, आणि ओळखीचे गिऱ्हाईक गुळाचा खडा, चार शेंगदाणे तोंडात टाकल्याशिवाय भाव विचारत नाही. अशा मालात पुस्तकी आणि प्रत्यक्ष आकडा तंतोतंत जुळला, तर उलट संशय घ्यावा! येथे घटीची एक मर्यादा स्वतःच्या अनुभवावरून, मालागणिक आणि ऋतूगणिक ठरवून घ्यावी. दोन-तीन वर्षे नोंद ठेवली की ती आपोआप दिसू लागते. त्या मर्यादेत पडलेली तूट सोडून द्यावी, तिच्या पलीकडच्या तुटीचा शोध घ्यावा. न फोडलेली पोती नगाने आणि फोडलेले एकच पोते वजनाने मोजायचे, तेही वजनमापे खात्याचा चालू शिक्का असलेल्या काट्यावर. एका मालाची दोन पोती एकाच वेळी फोडलेली नसावीत, एवढी शिस्त पाळली तरी अर्धे काम हलके होते.

कापडात ताग्याचा प्रश्न असतो. ताग्यावर आलेले मीटर आणि प्रत्यक्षातले मीटर यांत आरंभीच फरक असू शकतो, म्हणून माल उतरवतानाच काही तागे उलगडून मापावेत. प्रत्येक ताग्याला चिठ्ठी बांधून कापलेले मीटर तिच्यावर वजा करत गेल्यास मोजणीच्या दिवशी तागा उलगडण्याची गरज पडत नाही. चिठ्ठी आणि पुस्तक जुळवले की झाले. शेवटी उरणारे तुकडे मात्र वेगळे काढून त्यांची किंमत वेगळी धरावी. पूर्ण ताग्याच्या भावाने तुकडे मोजल्यामुळे साठा फुगल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आणि जांगड. लग्नघरी पसंतीसाठी पाठवलेल्या साड्या-शालू दुकानात नसतात, पण विक्री झालेली नसल्याने ते दुकानाचेच असतात. जांगड वही नीट नसेल तर ऐन सराईत मोजणी केलेल्या दुकानात हमखास तूट निघते. जीएसटी कायद्यानेही पसंतीवर दिलेल्या मालाला सहा महिन्यांची हद्द घातली आहे. तेवढ्यात विक्री ठरली नाही तरी मुदत संपताना बिल करावे लागते. उलट, एखाद्या घाऊक व्यापाऱ्याने 'विकला तर पैसे द्या' म्हणून ठेवलेला माल आपल्या कपाटात असला, तरी तो आपल्या साठ्यात धरायचा नाही.

कृषी सेवा केंद्रांची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे मोजणारे फक्त मालक नसतात. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार साठा आणि भाव फलकावर लावावे लागतात, आणि २०१८ पासून देशभर अनुदानित खत पीओएस यंत्रातूनच विकावे लागते. पेरणीच्या घाईत पोती आधी दिली जातात, आधार क्रमांक आणि अंगठा नंतरवर ढकलला जातो. मग यंत्रातला साठा आणि गोदामातला साठा यांत जी तफावत पडते ती तपासणीत परवान्यावर येते. हंगामात या दुकानांनी रोज संध्याकाळी यंत्र आणि थप्पी जुळवण्यावाचून गत्यंतर नाही. थप्पी मोजताना लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून मोकळे होऊ नये. आतून पोती काढल्याने पडलेली पोकळी बाहेरून दिसत नाही. युरियाचे पोते २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोचे आहे, त्यामुळे पोत्यांवरून टन काढतानाही जुनी सवय चुकवते. बियाण्याची मोजणी लॉट क्रमांकानुसार आणि पेरण्या आटोपल्यावर, कंपनीला परतीचा माल पाठवण्यापूर्वी करावी.

मोजणीची रात्र

ज्याच्या ताब्यात कपाट आहे त्याने ते मोजू नये. दोघांच्या जोडीत एक दुसऱ्या विभागातला असावा. मोजणाऱ्याच्या हाती पुस्तकी आकडा देऊ नये, कोरा तक्ता द्यावा. आकडा समोर असला की माणूस तो गाठेपर्यंतच मोजतो. आदल्या दिवशी दुकानाचा कागदावर नकाशा काढून प्रत्येक खण, कपाट, माळा आणि गोदामाच्या कोपऱ्याला क्रमांक द्यावा आणि मोजून झालेल्या खणावर खडूने खूण करावी. माळ्यावरचा जुना माल दरवर्षी राहून जातो, हे सर्वांना माहीत असते आणि दरवर्षी तो राहतोच. फरक निघालेल्या वस्तू तिसऱ्या माणसाने पुन्हा मोजाव्यात. त्याआधी पुस्तकातला आकडा दुरुस्त करू नये.

अमरावती आणि अकोला अशा दोन्ही गावी शाखा असतील, तर दोन्हीकडे एकाच रात्री मोजणी हवी. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून शंभरेक किलोमीटरचे हे अंतर माल दुपारी पार करतो. शनिवारी अमरावतीत मोजलेला गठ्ठा रविवारी अकोल्यात पुन्हा मोजला गेला, तर साठा कागदावर दुप्पट होतो. वाटेत असलेल्या मालाची चलने वेगळी काढून तो कोणत्या शाखेत धरायचा हे आधी ठरवावे. मोजणीपूर्वीचे शेवटचे बिल, शेवटचे खरेदी चलन आणि शेवटचे शाखा चलन यांचे क्रमांक तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवले, की पुढचे बरेच वाद टळतात.

मोजणीनंतर किंमत लावण्याचे काम उरते. खरेदी किंमत किंवा विकून हाती येईल ती किंमत, यांतली जी कमी ती धरायची; आणि आधी आलेला माल आधी गेला असे धरायचे की सरासरी भाव लावायचा, हे एकदा ठरवल्यावर दरवर्षी बदलायचे नाही. याबाबत आपल्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

तूट निघालीच तर ती लपवण्यापेक्षा नोंदवणे शहाणपणाचे आहे, मात्र तिची किंमत मोजावी लागते. हरवलेल्या, चोरीस गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेले कराचे क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार मिळत नाही. घेतले असल्यास परत करावे लागते. कंपोझिशन योजनेतील दुकानदार वगळता नोंदणीकृत व्यापाऱ्याने मालागणिक आरंभीची शिल्लक, आवक, जावक, हरवलेला वा नष्ट झालेला माल आणि अखेरची शिल्लक यांची नोंद ठेवावी, असे नियम ५६ सांगतो. मोजणीचे तक्ते मोजणाऱ्या दोघांच्या आणि मालकाच्या सहीनिशी, तारीख-वेळ घालून या नोंदींसोबत बांधून ठेवावेत. हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात.